पोटखराब्यातली मोरस

तिवरांच्या वर आणि भाताच्या बांधाखाली जी पट्टी असते, तिथं भरतीचं पाणी फक्त उधाणाला पोचतं. तिथं भात होत नाही, गवतही धड होत नाही. होते ती मोरस. महसुलाच्या कागदांत अशी जमीन पोटखराबा म्हणून सोडून दिलेली असते. मी पालघर जिल्ह्यातल्या झाईच्या मांगेलवाड्यातली. या पोटखराब्यानं आमच्या घरात किती जेवणांची भाजी पुरवली ते मला ठाऊक आहे, आणि त्याची कुठंच नोंद नाही याचं वाईट वाटतं.

मोरस पालक-राजगिऱ्याच्या कुळातली. पानं बारीक, सळीसारखी, रसानं फुगलेली. मुळांतून आलेला खार ती पानांत साठवते, म्हणूनच खारट चिखलातूनही पाणी ओढू शकते. पावसानं माती धुतली की कोवळी फूट येते. उन्हाळ्याकडे झाड लालसर, जून आणि तोंडात धरवत नाही इतकं खारट होतं.

आजी बोटभर शेंडा खुडायची. झाड उपटलेलं तिला खपत नसे. बी धरलेली झाडं ती बांधाकडेला मुद्दाम राखायची, म्हणजे पुढच्या पावसाला रोपं तिथंच उठत. आमच्याकडची मोरसची शेती ती एवढीच, पण ती शेतीच होती.

घरी आणलेली मोरस आधी उकळत्या पाण्यात टाकायची, निथळून मुठीत घट्ट पिळायची. मग तेलावर भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची, निवडून भाजलेला जवळा आणि त्यावर पिळलेली भाजी. मीठ अजिबात नाही. शेवटी ओलं खोबरं. जवळा नसला तर भिजवलेली चणाडाळ. सोबत तांदळाची भाकरी.

आजी सांगायची, मिठाचा खडा जपून वापरायच्या दिवसांत मोरस शिजली की तेवढंच मीठ वाचायचं. मीठ तेव्हा सरकारचं होतं. 1890च्या मुंबई मीठ कायद्यानं परवान्याशिवाय मीठ पिकवणं तर सोडाच, आपसूक साचलेलं मीठ किंवा खारी माती उचलणंही गुन्हा ठरवलं. 1923 साली मिठावरचा कर दुप्पट झाला. 21 मे 1930ला आमच्या उत्तरेला, वलसाडजवळच्या धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींची डोकी फुटली ती या मिठापायीच. धारासणा इतिहासाच्या पुस्तकांत आहे आणि असायलाच हवा. पण त्याच काळात पाटीभर मोरस खुडून आणणारी बाई पुस्तकात नाही. तिची भाजी कायद्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हती.

मोरसच्या भाऊबंदांना मात्र बाजारात भाव होता. सिंध-पंजाबकडे अशी खारी झुडपं जाळून सज्जीखार करत. कपडे धुवायला, साबणाला, पापडाला तो लागे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं याच कुळातल्या सॅलिकॉर्नियापासून वनस्पतिजन्य मीठ काढून दाखवलं. ते काम मोठं आहे. बायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली माहितीही मला त्याच तोलाची वाटते.

1948 साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा आला. बांध घालून समुद्र अडवायचा, पावसानं खार धुऊन भात घ्यायचा. हेतू चांगलाच, भात कुणाला नको होता? पण बांध फुटून खारं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात भात धरत नाही. तेवढ्या वर्षांत तिथून ताटात काही येत असेल तर ती मोरस.

20 जून 1991ला डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि तिथले खाडीकाठ बरेचसे वाचले. पण 30 ऑगस्ट 2024ला याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर आलं की गोदामं, रस्ते, भराव आलेच. भराव आधी पडतो तो कागदावर रिकामी दिसणाऱ्या जमिनीवर, म्हणून मला मोरसची धास्ती वाटते.

2002च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावच्या समितीनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. किनाऱ्यावरच्या गावांनी तिच्यात मोरस लिहावी: जागा, हंगाम, रांधायची रीत, आणि शेंडाच खुडायचा हा नियमसुद्धा. आजीकडून आलेलं सगळं मी लिहून काढलं आहे. झाई, बोर्डी, चिंचणीच्या म्हाताऱ्यांकडे याहून जास्त मिळेल.