रुग्णपोषण परिचर्या
रुग्णाची पोषणस्थिती ओळखून त्याला योग्य आहार मिळवून देण्याची परिचारिकेची क्षमता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या खाण्यावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. भारतात नर्सिंगच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांत पोषणशास्त्र हा विषय आहे.

या क्षमतेत वजन-उंचीची नोंद, गिळण्यातील अडचण ओळखणे, ताटात काय उरले हे पाहणे आणि आहारतज्ज्ञाला वेळीच कळवणे येते. नळीवाटे अन्न देताना खाटेचे डोके 30 ते 45 अंश उंच ठेवतात. अन्यथा अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंमी.पेक्षा कमी भरल्यास त्याला तीव्र कुपोषित समजतात.

रत्नागिरी जिल्ह्यात स्थानिक आहाराची जाणही लागते. आजाऱ्याला दिली जाणारी तांदळाची पेज पचायला हलकी, पण प्रथिनांत तोकडी. म्हणून पथ्य सांभाळून कुळथाची पिठी, अंडे किंवा मासे सुचवता येतात. मधुमेही रुग्णाच्या पेजेचे प्रमाणही पाहावे लागते. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातील किशोरींच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे.