अरल समुद्राचा ऱ्हास आणि मध्य आशियातील जलराजकारण

मध्य आशियातील अरल समुद्र हे वास्तविक खाऱ्या पाण्याचे सरोवर होय. १९६० च्या सुमारास सुमारे ६८,००० चौ. कि.मी. क्षेत्रफळाचे हे सरोवर जगात चौथ्या क्रमांकाचे गणले जाई. अमू दर्या व सिर दर्या या दोन नद्यांच्या पाण्यावर ते टिकून होते. त्याच्या ऱ्हासाकडे सामान्यतः पर्यावरणीय आपत्ती म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात मात्र पाण्यावरील हक्काचा इतिहास म्हणून त्याचा विचार केला आहे.

या इतिहासाचे मूळ कापसात आहे. अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१-६५) मुंबईच्या कापूसबाजारात आणलेली तेजी मराठी वाचकास परिचित आहे; त्याच टंचाईने रशियन गिरण्यांची दृष्टी मध्य आशियाकडे वळविली. झारशाहीने आरंभिलेले हे धोरण सोव्हिएत राजवटीने अधिक व्यापक प्रमाणावर राबविले. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचे काम सुरू होऊन अमू दर्याचे पाणी तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात नेण्यात आले. कालव्याला अस्तर नसल्याने बरेचसे पाणी वाळूतच जिरले. समुद्र आटणार याची नियोजनकर्त्यांना कल्पना होती. कापसाचे मोल त्यांनी अधिक मानले, इतकेच. विशेष म्हणजे ज्या कापसासाठी हे घडले, त्याचे आकडेही खरे नव्हते. शराफ रशिदोव्ह (१९५९-८३) यांच्या कारकिर्दीत उझबेकिस्तानातून न पिकलेल्या कापसाची नोंद मॉस्कोला पाठविली जात होती, हे पुढील चौकशीत उघड झाले.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी व्यापारी मासेमारी थांबली. मोयनाक बंदरातील डबाबंद माशांचा कारखाना चालू ठेवण्यासाठी बाल्टिक समुद्रातून मासे आणावे लागले. उघड्या पडलेल्या तळावरील मीठ व शेतातून वाहून आलेली कीटकनाशके वाऱ्याबरोबर काराकल्पाकस्तानच्या वस्त्यांत पसरली. पूर्वी ज्या व्होझरोझदेनिया बेटावर सोव्हिएत लष्कराने जैविक अस्त्रांच्या चाचण्या घेतल्या होत्या, ते २००१ मध्ये मुख्य भूमीस जोडले गेले. पुढील वर्षी तेथील अँथ्रॅक्सचे साठे अमेरिकेच्या साहाय्याने निकामी करावे लागले.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर खरा प्रश्न पुढे आला. फेब्रुवारी १९९२ मध्ये अल्माटी येथे पाच नव्या राष्ट्रांनी करार केला व सोव्हिएत काळातील पाणीवाटपच कायम ठेवले. सत्ता गेली, तिचा हिशेब उरला. वरच्या अंगाच्या किर्गिझस्तानला हिवाळ्यात विजेसाठी टोकटोगुल धरणातून पाणी सोडावयाचे असते, तर खालच्या उझबेकिस्तान व कझाकस्तानला ते उन्हाळ्यात शेतीसाठी हवे असते. या ओढाताणीत समुद्राची बाजू मांडण्यात कोणाचाच तातडीचा स्वार्थ नव्हता.

उत्तरेत चित्र वेगळे दिसते. १९८७ च्या सुमारास समुद्राचे दोन भाग झाले होते. स्थानिकांनी घातलेला वाळूचा बांध १९९९ मध्ये फुटल्यावर कझाकस्तानने जागतिक बँकेच्या कर्जातून २००५ मध्ये १३ कि.मी. लांबीचा कोकअरल बांध पूर्ण केला. पाणी चढले, क्षारता घटली, मासे परतले. उत्तर भाग संपूर्णपणे एकाच राष्ट्राच्या हद्दीत होता, हे या यशाचे दुर्लक्षित कारण होय. त्याच बांधाने दक्षिणेकडे जाणारे पाणी अडविले, हेही नमूद करावयास हवे. दक्षिण भागाचे पूर्व पात्र २०१४ मध्ये पूर्ण कोरडे पडले.

२०२२ मध्ये अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीने अमू दर्यावर कोश तेपा या सुमारे २८५ कि.मी. लांबीच्या कालव्याचे काम हाती घेतले. १९९२ च्या करारावर अफगाणिस्तानची स्वाक्षरी नाही.