चिलिकाचे मुख आणि अनपेक्षित मासळी

ओडिशाच्या किनाऱ्यावर पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिलिका हे खाजण-सरोवर आहे; म्हणजे वाळूच्या अरुंद पट्ट्याने समुद्रापासून वेगळे झालेले, पण एखाद्या मुखातून भरती-ओहोटीशी नाते टिकवून असलेले जलाशय. पावसाळ्यात सुमारे १,१६५ आणि उन्हाळ्यात सुमारे ९०६ चौरस किलोमीटर भरणाऱ्या या सरोवरात महानदीच्या दया व भार्गवी या शाखा गोडे पाणी आणतात आणि समुद्र खारे, त्यामुळे येथील पाणी बहुतांशी मचूळ असते आणि त्याची क्षारता ऋतूगणिक बदलते. अशा पाण्यात जाळ्यात कोणता मासा यावा हे केवळ नशिबावर ठरत नाही, तर ते मुखाच्या अवस्थेवर अवलंबून असते. म्हणूनच अनपेक्षित मासळीची नोंद हा चिलिकाच्या इतिहासाचा एक विश्वसनीय दस्तऐवज ठरतो.

ही गोष्ट दोन माशांच्या जीवनक्रमावरून स्पष्ट होते. रायगडच्या खाड्यांत ज्याला जिताडा म्हणतात, तोच ओडिशात भेकटी या नावाने ओळखला जातो. समुद्राच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात त्याची वीण होते, पिल्ले मचूळ पाण्यात शिरून वाढतात, आरंभी बहुतेक मासे नर असतात आणि मोठे झाल्यावर त्यांपैकी पुष्कळांचे मादीत रूपांतर होते. बोय मासाही सरोवरात पोसला जाऊन विणीसाठी समुद्रात उतरतो आणि त्याची बोटुकली पुन्हा मुखातूनच आत येतात. मुख गाळाने अरुंद झाले की या दोन्ही वाटा एकाच वेळी खुंटतात.

चिलिकाचा मासेमारी-व्यवसाय या ये-जा करणाऱ्या मासळीभोवती घडला. पावसाळा सरून पाणी उतरू लागले की उथळ भागात बांबूच्या कामट्यांचे पडदे चिखलात रोवून मोठे क्षेत्र वेढायचे, आणि आत अडकलेली मासळी हळूहळू आवळत आणून धरायची, या पद्धतीला ‘जानो’ म्हणतात. केवट लोक मुख्यतः जाळी वापरत, तर कंडरा समाज बांबूच्या सापळ्यांनी कोळंबी धरण्यात वाकबगार होता. मासेमारीच्या या जागा ‘सैरात’ म्हणून मक्त्याने दिल्या जात. सैरात म्हणजे जमीनमहसुलाव्यतिरिक्त उत्पन्नाच्या बाबी. मराठी दफ्तरांतील ‘सायर’ हा शब्द याच कुळातला आहे, आणि १७५१ ते १८०३ या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९५९ मध्ये बालुगाव येथे मच्छीमारांची मध्यवर्ती सहकारी संस्था उभी राहिली आणि तिच्यामार्फत पिढीजात मच्छीमारांना मक्ते मिळू लागले.

शास्त्रीय नोंदींचा आरंभ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अॅनंडेल आणि स्टॅन्ले केम्प यांनी १९१४ च्या सुमारास केलेल्या पाहणीपासून होतो. सरोवरातील प्राणिजीवन स्थिर नसून क्षारतेबरोबर पुढेमागे सरकते, हे त्यांच्या पाहणीतून प्रकाशात आले. पुराच्या दिवसांत गोड्या पाण्यातील जीव पुढे पसरतात आणि कोरड्या महिन्यांत समुद्री जीव आत येतात, या ज्ञानाचे महत्त्व पुढे अडचणीच्या काळात कळले.

किनाऱ्यालगत वाहत जाणारी वाळू मुख सतत ईशान्येकडे ढकलते, आणि नद्यांचा गाळ सरोवर उथळ करतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्राचे पाणी आत पोहोचणारा मार्ग इतका लांब व रोडावलेला झाला की क्षारता घटली, गोड्या पाण्यातील तण माजले आणि मासळी झपाट्याने कमी झाली. त्यातच कोळंबी-शेतीची बंदिस्त क्षेत्रे वाढली, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकाच्या हजार मीटर परिसरात अशा शेतीला मनाई केली. १९८१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँट्रो नोंदवहीत दाखल झाले होते.

चिलिका विकास प्राधिकरणाने २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख खोदून उघडले, त्यामुळे समुद्राचा मार्ग सुमारे १८ किलोमीटरने कमी झाला. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७०० टनांवर आलेले मत्स्योत्पादन २००१-०२ मध्ये १२,००० टनांच्या जवळ गेले, बऱ्याच काळात न दिसलेल्या जाती पुन्हा जाळ्यांत येऊ लागल्या, आणि २००२ मध्ये चिलिकाचे नाव माँट्रो नोंदवहीतून वगळण्यात आले. जाळ्यात आलेल्या या ‘अनपेक्षित’ माशांच्या दृष्टीने मात्र हे केवळ जुन्या वाटेवरचे परतणे होते. वाळूचे वहन आजही थांबलेले नाही, त्यामुळे मच्छीमाराच्या टोपलीतील अनोळखी मासा आणि तेथून नाहीसा झालेला ओळखीचा मासा, या दोहोंची नोंद ठेवणे हे सरोवराच्या रक्षणाचेच एक काम आहे.