टॉन्सिलमधले खडे

टॉन्सिलमधले खडे : पडजिभेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टॉन्सिलच्या खाचांत साचून घट्ट होणारे पांढरे किंवा पिवळसर कण. खोकताना किंवा चूळ भरताना भाताच्या शिताएवढा कण तोंडात येतो, बोटांत चुरडला की उग्र घाण वास सुटतो. बहुतेकांना या खड्यांची ओळख अशीच होते.

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. प्रत्येकात सुमारे 10 ते 30 खोल खाचा असतात. तोंडावाटे आलेल्या जंतूंची रोगप्रतिकारक पेशींशी तिथे गाठ पडते, आणि त्यासाठी या खाचा उपयोगीच आहेत. पण गळून पडलेल्या पेशी, चिकट स्राव आणि अन्नाचे बारीक कणही तिथेच अडकतात. त्यांवर जीवाणूंचा थर चढतो, मग कॅल्शियमचे क्षार बसून गोळा टणक होतो. खाचेच्या तळाशी प्राणवायू फारसा पोहोचत नाही. अशा जागी वाढणारे जीवाणू प्रथिने कुजवून हायड्रोजन सल्फाइड, मिथिल मरकॅप्टन ही गंधकाची संयुगे सोडतात. म्हणूनच दात घासूनही वास जात नाही. टॉन्सिल वारंवार सुजलेल्या प्रौढांत हे खडे अधिक आढळतात, लहान मुलांत क्वचित.

तोंडाच्या वासामुळे माणसे हात आड धरून बोलू लागतात, डॉक्टरांकडे जायलाही संकोचतात. हा संकोच विनाकारण आहे. दोन वेळा नीट दात घासणाऱ्यांनाही खडे होतात. घशात काहीतरी टोचल्यासारखे वाटते, कधी कानही दुखतो, कारण टॉन्सिल आणि मध्यकर्ण यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. अनेकांना काहीच जाणवत नाही. दाढेसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये खडा अवचित दिसतो.

त्रास नसेल तर उपचाराची गरज नाही. जेवणानंतर खळखळून चूळ, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि जिभेची सफाई एवढ्याने पुष्कळांचे भागते. आरशासमोर उभे राहून हेअरपिन किंवा काडीने खडा उकरणे मात्र कटाक्षाने टाळावे : टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि जखम लवकर चिघळते. प्रतिजैविकांनी तयार खडा विरघळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ तो दवाखान्यातच काढू शकतात. पुन्हापुन्हा होत असल्यास लेझरने किंवा कोब्लेशनने (कमी उष्णतेच्या रेडिओलहरींच्या तंत्राने) खाचा उथळ करता येतात. टॉन्सिल काढून टाकल्यावर त्यातले खडे होत नाहीत, पण प्रौढांना या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांपर्यंत बरेच दुखते, रक्तस्रावाचाही धोका असतो. तेव्हा एवढ्याशा खड्यासाठी तो अखेरचा मार्ग धरावा.

एकाच बाजूचा टॉन्सिल वाढत चालला, घशातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, थुंकीत रक्त दिसले किंवा मानेत गाठ लागली, तर खडाच असेल असे धरून थांबू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा विडीची सवय असलेल्यांनी तर लगेच तपासून घ्यावे.