'वय झालं'च्या पलीकडे : 'संगाथ'ची वाटचाल

शुक्रवारी नेवासे तालुक्यातल्या घोडेगावात जनावरांचा बाजार भरतो. म्हशी, टेम्पो आणि चहाच्या गाड्या यांतून वाट काढत चालावं लागतं. या गर्दीत काही म्हातारी माणसं अशी असतात, की त्यांना घ्यायचं काही नसतं आणि विकायचंही नसतं. म्हशीचे दात बघायचे, कासेवरून हात फिरवायचा, भाव विचारायचा, "लई सांगतोस" म्हणायचं आणि पुढच्या म्हशीकडे वळायचं. त्यातला एखादा चार शुक्रवार दिसला नाही आणि चौकशी केली, तर घरचे सांगतात, "वय झालं आता."

वय होतंच. पण 2017-18च्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांमध्ये नैराश्याची स्पष्ट लक्षणं आढळली आणि डॉक्टरांकडून तसं निदान झाल्याचं सांगणारे निघाले अवघे 0.8 टक्के. मधले सगळे 'वय झालं'च्या खात्यावर जमा.

या खात्याचा हिशेब ज्या मोजक्या संस्थांनी मांडला, त्यांत गोव्याची 'संगाथ' पुढे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1996 साली सुरू केली. संगाथ म्हणजे सोबत. सांगात, सांगाती हे शब्द ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या नेवासे तालुक्यात समजावून सांगायला नकोत. सुरुवातीचं काम लहान मुलांच्या वाढीच्या प्रश्नांवर होतं. म्हातारपणाकडे संस्था नंतर वळली.

मनोविकारतज्ज्ञ तालुक्यालाही मिळत नाहीत, मग बघायचं कोणी? यावर संस्थेचं उत्तर असं, की गावातल्याच माणसांना शिकवून तयार करायचं. 'मानस' या प्रयोगात गोव्यातली 24 केंद्रं घेतली. निम्मी सरकारी, निम्मी खासगी दवाखान्यांची. रुग्ण 2,796. डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांची जोड मिळाली तिथे सरकारी केंद्रांतले 65.9 टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. जोड नव्हती तिथे 42.5 टक्के. हे निष्कर्ष 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही संशोधकांनी छापलं. मला या संस्थेबद्दल विश्वास वाटतो तो या दुसऱ्या वाक्यामुळे.

वृद्धांसाठीचा महत्त्वाचा प्रयोग 'दिल' या नावाचा. त्यात गोवा मेडिकल कॉलेजच्या सामाजिक वैद्यक विभागातले डॉ. अमित डायस पुढे होते. साठीपुढची 181 माणसं निवडली. पुरता आजार जडलेला नाही, पण मन खचू लागलंय, अशी. समुपदेशक त्यांच्यासोबत बसायचे. आधी ऐकायचं, मग अडचणींच्या ढिगातून एकच उचलायची. झोप येत नसेल तर झोपेच्या वेळा बांधून घ्यायच्या. मधुमेह असेल तर त्याची काळजी कशी घ्यायची ते सांगायचं. सरकारी योजनेचा लाभ अडला असेल तर तो मिळवायला मदत करायची. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेचे पैसे थांबले, की म्हातारीची झोप कशी उडते हे ज्यानं पाहिलंय, त्याला पेन्शनचा कागद हाही उपचारच वाटेल.

वर्षभरानं मोजलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्या 91 जणांपैकी चौघांना तीव्र नैराश्यानं गाठलं होतं. न मिळालेल्या 90 जणांपैकी 13 जणांना. 181 हा आकडा लहान आहे, त्यावर राज्याचं धोरण ठरवू नये. पण आपल्याकडे टळलेले आजार मोजतं कोण? इथे ते मोजले गेले, आणि 2019 साली जगातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आले.

दरम्यान 'संगाथ'चं काम विदर्भातही पोचलं होतं. 'विश्राम' उपक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. या अभ्यासाचे प्रमुख लेखक डॉ. राहुल शिधये पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणीच्या प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेत संशोधनाला आले.

असं काम पसरायला खरी अडचण आहे ती डॉक्टरांच्या शिक्षणात. जुन्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मनोविकार विभागातले जेमतेम दोन आठवडे यायचे. 2019च्या नव्या अभ्यासक्रमानं रुग्णाशी कसं बोलावं हा विषय आणला, पुढे विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचीही पद्धत आली. आता त्या कुटुंबात गेल्यावर रक्तदाब मोजून झाला, की ओसरीवरच्या आजोबांना आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात : झोप लागते का, आणि बाजाराला का येत नाही?

तोवर हे विचारणं घरच्यांकडेच आहे. उत्तर ऐकून काळजी वाटली, तर 14416 हा सरकारचा 'टेली-मानस' क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.