तिन्हीसांजेचा दिवा

बारामती-इंदापूर म्हटलं की लोकांना ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवतं. मला आठवते ती आमच्या बारामतीच्या घरातली तिन्हीसांज. आजी कंदिलाची काच पुसायची, वात पेटवायची आणि हात जोडून दोन मिनिटं गप्प उभी राहायची. एकदा घरी आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला टोकलं, "मावशी, दिव्याला हात जोडणं हे अंधारातलं. आपण आता प्रकाशात आलो ना?" आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कंदील लावला, पण हात पदराखाली ठेवले.

ते हात अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून हे 'अंधारातून प्रकाशात' प्रकरण जरा मागे जाऊन पाहावंसं वाटलं.

प्रतिमा अर्थातच जुनी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर तर बाप्तिस्म्यालाच 'प्रकाशित होणं' म्हणतो. आपल्याकडे ही भाषा एकोणिसाव्या शतकात छापखान्यातून पसरली. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' सुरू केला. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं 'अरुणोदय'. गंमत म्हणजे मिशनशी संबंध नसलेल्यांनाही हाच शब्द प्रिय होता. भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' १८४१ चा आणि पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा. सगळं शतकच उजाडायची वाट पाहत होतं म्हणा ना!

पण ख्रिस्ती झालेल्या माणसाला या उजेडाची किंमत मोजावी लागे. नारायण शेषाद्री हे त्यातलं एक नाव. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिलं. पुढे त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मोठा वाद झाला. परत घ्यावं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ, एक या बाजूला आणि एक त्या. हेच नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश फ्री चर्चच्या कामासाठी आपल्या इंदापुरात आले आणि नंतर जालन्याला जाऊन त्यांनी बेथेल वसवलं. 'प्रकाश' हा शब्द उच्चारताना त्यांना तो भाऊ आठवत असेल का?

आमच्या भागात ख्रिस्ती झालेली कितीतरी घरं महार-मांग समाजातली. त्यांच्या लेखी अंधार म्हणजे आजी-आजोबांची भक्ती नव्हती. ज्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं आणि ज्या शाळेत बाकाला शिवता येत नव्हतं, तो अंधार. पाटीवर पहिलं अक्षर उमटलं तो उजेड. हे मला मनापासून पटतं.

आता शेजारच्या दौंड तालुक्यातल्या केडगावला चला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. म्हणजे ज्यांचं धर्मांतर एवढं गाजलं, त्यांनाही एका दिवसात उजाडलं नव्हतं.

त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दृष्टिहीन स्त्रियांसाठी 'बार्तिमी सदन' होतं. नाव बायबलमधल्या आंधळ्या बार्तिमयावरून. रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. दिवा असला काय, नसला काय, त्यांचं वाचन चालूच! प्रकाशाबद्दल मी ऐकलेल्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मला हे चित्र मोठं वाटतं. डोळ्यांना न दिसणारा उजेड कसा असतो, ते त्या मुलींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि रेव्हरंड टिळक? नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिले. अभंग, कीर्तन काहीच त्यांनी टाकून दिलं नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून, इंदापूरवरून पंढरीला जाते. लहानपणी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहायचो, आजी पुढे होऊन वारकऱ्यांना पाणी द्यायची. टिळकांचा पूल मला तिथे दिसतो.

टिळकांना जुना दिवा विझवावा लागला नाही, मग आजीला का लागावा? त्या वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला आज कळतं. त्यांच्या मनात त्यांची स्वतःची विहीर, स्वतःची शाळा असेल. पण आजी कंदिलाची पूजा करत नव्हती. दिवस पार पडला, लेकरं घरी आली, याबद्दल ती देवाचे आभार मानत होती. हे तिने मला खूप नंतर, शेवटच्या आजारपणात सांगितलं.

हल्ली लाईट गेली की मी मेणबत्ती लावतो. हात जोडतो. मुलगी विचारते, "बाबा, कुणाला?" मी तिला आजीची गोष्ट सांगतो.