न्याय्य व्यापार

उत्पादकाला उत्पादनखर्च भागून निर्वाह होईल एवढी किंमत मिळावी, कामगाराला रास्त मजुरी व सुरक्षित कामाची जागा मिळावी आणि बालमजुरी व वेठबिगारी यांना थारा मिळू नये, अशा अटी मान्य करून केलेला व्यापार. ‘फेअर ट्रेड’ या नावाने तो अधिक परिचित आहे. या अटी शासन लादत नाही. विक्रेता त्या करारान्वये स्वीकारतो आणि वाढीव खर्चाचा काही भाग ग्राहक उचलतो. त्यामुळे या व्यवस्थेची व्याप्ती अखेरीस ग्राहक काय विकत घेतो यावर ठरते. प्रमाणचिन्हाच्या सर्वांत मोठ्या व्यवस्थेत, म्हणजे ‘फेअरट्रेड इंटरनॅशनल’मध्ये, सुमारे ७० देशांतील जवळपास २० लाख शेतकरी व कामगार आहेत.

पूर्वपीठिका : वस्तू कोणत्या परिस्थितीत तयार झाली हे पाहून ती घ्यावी किंवा टाळावी, हा विचार जुना आहे. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापाराच्या बंदीचा ठराव फेटाळल्यावर तेथील कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमातून तयार झालेली साखर वर्ज्य केली. बहिष्कार टाकणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या घरात असल्याचा तत्कालीन अंदाज आहे. पुढे १८२० च्या दशकात ही साखर गुलामांनी बनविलेली नाही, असा मजकूर छापलेली साखरदाणी वापरून लोक हिंदुस्थानातील साखर घेत. अमेरिकेत ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ने १८९९ पासून, बालमजूर न ठेवणाऱ्या व कारखाना-कायदे पाळणाऱ्या कपडे-उत्पादकांना पांढरे चिन्ह देण्यास प्रारंभ केला. आजच्या प्रमाणचिन्हाचे हे एक पूर्वरूप मानता येते.

महाराष्ट्राशी निगडित असलेला टप्पा खादीचा आहे. पाश्चात्त्य लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच येतो. अखिल भारत चरखा संघाची स्थापना १९२५ मध्ये झाली. खादी स्वस्त राहावी म्हणून पहिली दहा वर्षे कताईची मजुरी बाजारभावाप्रमाणे, म्हणजे अत्यल्प दिली जाई. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी ही पद्धत अन्याय्य ठरविली. कातणाऱ्या स्त्रीला तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. एवढा दर दिल्यास खादी विकली जाणार नाही, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे चरखा संघाने ठराव केला. आठ तासांच्या कार्यक्षम कामासाठी शास्त्रीय हिशेबाने ठरविलेला किमान आहार व आवश्यक वस्त्र भागेल एवढी मजुरी द्यावी, हे तत्त्व त्याने मान्य केले. प्रत्यक्ष दर आठ आण्यांपेक्षा बरेच कमी राहिले. विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळील नालवाडी येथे कताईच्या मजुरीवर स्वतःचा निर्वाह करून पाहिला. मजुरीवाढीमुळे खादी महागली आणि तो भार ग्राहकाने उचलावा, असे उघडपणे सांगण्यात आले. आधी निर्वाहाचा हिशेब आणि मग वस्तूची किंमत, हा क्रम येथे कॉफीच्या प्रमाणचिन्हाच्या अर्धशतक आधी मांडला गेला.

पर्यायी व्यापार व विश्वदुकाने : अमेरिकेतील मेनोनाइट पंथीय एडना रूथ बायलर यांनी १९४६ मध्ये प्वेर्तो रिकोतील स्त्रियांचे भरतकाम आपल्या परिचितांत विकण्यास सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकाने निघाली. नेदर्लंड्समध्ये १९६९ साली ब्र्यूकेलन येथे असा माल विकणारे पहिले ‘विश्वदुकान’ उघडले. १९७३ मध्ये ग्वातेमालातील लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची कॉफी नेदर्लंड्समध्ये येऊ लागली. अशी दुकाने चर्चशी संबंधित मंडळी व विद्यार्थी यांच्यापुरती मर्यादित राहिली. सर्वसामान्य ग्राहक किराणा जेथून घेतो तेथे हा माल पोहोचत नव्हता.

प्रमाणचिन्ह : मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील आदिवासी कॉफी-उत्पादकांच्या ‘उसिरी’ या संघाबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि ‘सॉलिडारिदाद’ संस्थेचे नीको रोझन यांनी ही अडचण ओळखली. वेगळे दुकान न काढता नेहमीच्या दुकानातील पुड्यावर चिन्ह लावावे, अशी योजना त्यांनी आखली. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘माक्स हाव्हेलार’ हे चिन्ह सुरू झाले. जावामधील डच वसाहतीच्या अन्यायावर म्युल्टाट्यूली यांनी लिहिलेल्या १८६० च्या कादंबरीच्या नायकाचे हे नाव होय. इतर देशांतही अशी चिन्हे निघाली. ब्रिटनमध्ये चिन्हांकित माल १९९४ मध्ये विक्रीस आला. त्यात बेलीझमधील कोकोचे ‘माया गोल्ड’ हे चॉकलेट होते. १९९७ मध्ये राष्ट्रीय संस्थांची बॉन येथे एकत्रित संघटना स्थापन झाली आणि २००२ पासून निळ्या-हिरव्या रंगाचे समान चिन्ह वापरात आले. तपासणीचे काम २००४ पासून ‘फ्लोसर्ट’ या स्वतंत्र कंपनीकडे आहे. तपासणीचे शुल्क उत्पादक-संस्थांनाही भरावे लागते.

किमान किंमत व अधिमूल्य : या व्यवस्थेचा आर्थिक गाभा येथे आहे. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने निर्यातीचे कोटे ठरवून भाव सावरून धरले होते. जुलै १९८९ मध्ये कोटे स्थगित झाले आणि भाव कोसळले. २००१ मध्ये जागतिक सरासरी भाव पाउंडाला सुमारे ४६ सेंटपर्यंत उतरला. त्या वेळी धुतलेल्या अरेबिका कॉफीची न्याय्य व्यापारातील किमान किंमत १ डॉलर २१ सेंट होती. ती २०११ मध्ये १ डॉलर ४० सेंट, तर ऑगस्ट २०२३ पासून १ डॉलर ८० सेंट झाली. त्याशिवाय पाउंडामागे २० सेंट अधिमूल्य आणि सेंद्रिय मालास ४० सेंट जादा मिळतात.

बाजारभाव १ डॉलर २० सेंट असल्यास खरेदीदार किमान किंमत व अधिमूल्य मिळून २ डॉलर देतो. बाजारभाव २ डॉलर ५० सेंट असल्यास किमान किमतीचा प्रश्नच उरत नाही आणि तो २ डॉलर ७० सेंट देतो. मंदीत आधार आणि तेजीत केवळ अधिमूल्य, असे हे सूत्र आहे. २०२५ च्या आरंभी कॉफीचा भाव ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा त्यातील आधाराचा भाग निष्क्रिय होता. ही रक्कम निर्यातीच्या टप्प्यावर उत्पादक-संस्थेला मिळते. प्रक्रिया, वाहतूक व संस्थेचा खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडते. अधिमूल्य व्यक्तीला न देता संस्थेच्या सभेत ठराव करून शाळा, पाणी, गोदाम, रोपवाटिका अशा कामांवर खर्च करतात. त्यातील ५ सेंट उत्पादकता व दर्जा यांसाठी राखीव असतात. उत्पादक-संस्थेने मागणी केल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम खरेदीदाराकडून आगाऊ मिळू शकते. हंगामाआधी सावकाराकडून उचल घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद किमान किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

भारतातील हमीभावाशी याचे साम्य वरवरचे आहे. हमीभाव शासन जाहीर करते आणि तो शासकीय खरेदीवर अवलंबून असतो. येथे मात्र खाजगी खरेदीदाराने करार केला तरच किंमत बांधली जाते, खरेदीची हमी नसते. त्यामुळे प्रमाणित संस्थांना पुष्कळदा आपल्या मालाचा काही भागच या अटींवर विकता येतो आणि उरलेला साध्या बाजारभावाने द्यावा लागतो.

हस्तकला : हस्तकलेच्या वस्तूंना एकच किमान किंमत ठरविता येत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेली व आता ‘वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन’ म्हणून ओळखली जाणारी संघटना दहा तत्त्वांच्या आधारे वस्तूऐवजी संस्थेलाच मान्यता देते.

आक्षेप : लंडनच्या सोअस या संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये इथिओपिया व युगांडा येथील पाहणी प्रसिद्ध केली. प्रमाणित संस्था असलेल्या क्षेत्रांत शेतमजुरांची मजुरी तुलनेच्या क्षेत्रांपेक्षा कमी असल्याचे तीत म्हटले होते. लहान शेतकरी व मोठे मळे यांची तुलना केल्याचे सांगून प्रमाणन संस्थेने तो निष्कर्ष अमान्य केला. मोठ्या मळ्यांना कॉफीचे चिन्ह द्यावे की नाही, यावरून मतभेद होऊन ‘फेअर ट्रेड यूएसए’ ही संस्था २०११ अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली. काही मोठ्या कंपन्यांनी सामायिक चिन्ह सोडून स्वतःच्या योजना सुरू केल्या. २००९ मध्ये हे चिन्ह स्वीकारलेल्या ‘कॅडबरी डेअरी मिल्क’ने २०१६ मध्ये कंपनीच्या ‘कोको लाइफ’ योजनेचा मार्ग धरला.

भारत : दार्जिलिंग, आसाम व निलगिरी येथील चहा, अरकू खोऱ्यातील आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी आणि कापूस ही प्रमुख प्रमाणित उत्पादने होत. ‘चेतना ऑरगॅनिक’ या उपक्रमात विदर्भातील कापूस-उत्पादकांचाही समावेश आहे. मुंबईत अंधेरी येथे १९८४ मध्ये सुरू झालेली ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ ही संस्था वस्तीतील स्त्रियांकडून शिवणकाम करवून कपडे निर्यात करते. गालिच्यांतील बालमजुरीविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ सुरू झाले. त्याचे आजचे नाव ‘गुडवीव्ह’. देशांतर्गत ग्राहकांसाठी ‘फेअरट्रेड इंडिया’ने २०१३ पासून काम आरंभले. प्रमाणित मालाची मुख्य बाजारपेठ अजूनही युरोप-अमेरिकेतच आहे.

दैनंदिन खरेदी : चिन्हाचा अर्थ वस्तूगणिक बदलतो. कॉफी, केळी यांसारख्या मालावरील चिन्ह पाहून तो माल प्रमाणित उत्पादकाचाच आहे असे समजता येते. कोको, साखर, चहा व फळांचा रस यांच्या बाबतीत प्रमाणित व अप्रमाणित माल कारखान्यात मिसळण्यास मुभा आहे, मात्र जेवढा प्रमाणित माल विकत घेतला तेवढ्याच प्रमाणात चिन्हांकित विक्री करता येते. चिन्हाशेजारी बाण असल्यास पाकिटाच्या मागील मजकूर वाचावा. अनेक घटकांच्या पदार्थात जे घटक न्याय्य व्यापारात मिळतात ते त्यातूनच घ्यावे लागतात आणि त्यांचा एकूण वाटा किमान २० टक्के असावा लागतो. बेडकाचे चिन्ह ‘रेनफॉरेस्ट अलायन्स’चे होय. त्यात पर्यावरण व कामगार यांविषयी अटी आहेत, किमान किंमत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र लागवडीच्या पद्धतीविषयी बोलते, मजुरीविषयी नाही.

भारतीय चिन्हांबाबतही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. ‘हँडलूम मार्क’ व ‘खादी मार्क’ ही चिन्हे वस्तू खरोखर हातमागाची वा खादीची असल्याची खात्री देतात. भौगोलिक निर्देशांक वस्तूच्या मूळ स्थानाची ग्वाही देतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलांना महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तो मिळाला. २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात ‘प्राडा’ने तशाच चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा आक्षेप घेताना या निर्देशांकाचा आधार घेतला गेला. परंतु कारागिराला जोडीमागे किती मजुरी मिळावी, हे त्यात ठरलेले नाही.

चिन्हाखेरीज एकत्रित खरेदीचाही मार्ग आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात. घाऊक खरेदीमुळे मधली दलाली वाचते आणि मालाच्या दर्जावर लक्ष ठेवता येते. ही व्यवस्था मुळात ग्राहकहिताची आहे. थेट उत्पादक-गटाकडून माल घेतला आणि त्याचा दर उत्पादनखर्च विचारून ठरविला, तर ती न्याय्य व्यापाराच्या जवळ येते. महाराष्ट्रातील कुटुंब रोज घेते त्या भाजीपाला, दूध, डाळी व गूळ यांवर किमान किमतीची अट असलेले कोणतेही चिन्ह सर्वसाधारणपणे आढळत नाही. चहा, कॉफी, चॉकलेट आणि सुती कपडे या मोजक्या वस्तूंपुरतीच ग्राहकाला ही निवड उपलब्ध आहे.